थेंबांची हजेरी

नांदेडला लोक गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला जातात आणि लातूरला पोराची ॲडमिशन करायला. मी दोन्ही गावांना गेले ती चरबीच्या फुग्यांपायी. पुण्यातल्या शेजारीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बरं, मग दूधवाल्याला काय सांगू?"

लातूरच्या भूकंपाला तेव्हा दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. मी मूळची रेणापूरची. अकरावी-बारावी लातूरला केली, मग औषधशास्त्र शिकायला पुणं गाठलं आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत चिकटले. आईबाबाही मागोमाग पुण्याला आले. गाव सुटलं ते सुटलंच. त्यामुळे विष्णुपुरीच्या एका कॉलेजातून व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा मी तारीख विचारायच्या आधीच हो म्हणून बसले. नांदेडहून लातूर काही लांब नाही आणि लातुरात कांबळे सर होते. बारावीला त्यांनी आम्हाला जीवशास्त्र शिकवलं. मी आज जे काही करते त्याची सुरुवात त्यांच्या वर्गात झाली.

येतेय म्हणून सरांना फोन केला. सर फोनवर कधी पाल्हाळ लावत नाहीत.

"वसुधा कुलकर्णी, तुझी बाटली घेऊन ये. जागा मोकळी ठेवलीय."

"कसली बाटली, सर?"

"डोळ्याची. उजवा गेला. डावा राहिलाय, तो आता तुझ्यावर."

ताप येऊन गेला की ओठाच्या कोपऱ्यावर पाणीदार पुळ्या उठतात ना, त्या ज्या विषाणूमुळे उठतात तोच कधीकधी डोळ्यात उतरतो. बुबुळावर जखम करतो, बरा झाल्यासारखा वाटतो, दडी मारतो आणि पुन्हा उठतो. दर खेपेला मागे पांढरट डाग ठेवून जातो. सरांच्या उजव्या डोळ्यावर अशा खेपा इतक्या झाल्या की समोर माणूस आहे की कपाट, एवढंच त्यांना त्या डोळ्याने कळायचं. आता तोच विषाणू डाव्यात आला होता. आणि त्याच विषाणूच्या औषधावर मी गेली काही वर्षं काम करत होते. सरांना ते माहीत होतं, कारण मीच मोठ्या तोऱ्यात दर दिवाळीला फोन करून सांगत आले होते.

पण माझ्याकडे बाटली नव्हती. होत्या त्या काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशी आणि काही ससे. माणसाच्या डोळ्यात घालायचं औषध त्याच्या पुढे कितीतरी लांब होतं. हे सरांना फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. भेटल्यावर सांगू, असं म्हणून मी पिशवी भरली.

विष्णुपुरी

स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाले चाचा पांढऱ्या दाढीचे आणि बोलके होते.

"विष्णुपुरी? हाव, चला की. परीक्षा हाय का काही?"

"नाही, शिकवायला आलेय."

"मग ठीक. परीक्षेचे लोक लई परेशान असतात, रिक्षात पण वाचत बसतात. गप्पाच मारत न्हाईत."

धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा चाचांनी आपणहून रिक्षा हळू केली. पाऊस चांगला झाला होता आणि गोदावरी काठोकाठ होती. लहानपणी बाबांबरोबर एकदा इथे आले होते, तेव्हा याच पाण्याकडे बघून मी "समुद्र" म्हटलं होतं आणि बाबांनी मला दुरुस्त केलं नव्हतं. पुण्यात राहून मी धरणं पुष्कळ पाहिली, पण ती सगळी डोंगरांत दाबून बसवलेली. इथे सपाटीवर पाणी कसं ऐसपैस पसरलेलं असतं. मला एकदम बाबांची आठवण झाली आणि चाचांना ते सांगावंसं वाटलं. सांगितलंही. त्यांनी "हाव, बापाच्या संगं पाहिलेलं पाणी मोठंच दिसतंय" एवढं म्हणून रिक्षाचा वेग वाढवला.

कॉलेजात नाश्त्याला सुशीला होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: भिजवलेले चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, वर शेंगदाण्याचं कूट. पुण्यात हे नाव घेतलं की लोकांना वाटतं मी कुणा मावशीबद्दल बोलतेय. मी दोन बशा संपवल्या. संयोजक मंडळी घड्याळाकडे बघत होती, बघू दे म्हटलं.

व्याख्यान सोपं करून सांगायचं असं ठरवूनच उभी राहिले. विषाणू स्वतः काही करू शकत नाही. तो पेशीच्या आत घुसतो आणि तिथल्या चुलीवर आपली भाकरी भाजून घेतो. म्हणजे त्याला गाठायचं तर आतच गाठलं पाहिजे. आणि आपलं औषध बिचारं बाहेर ताटकळतं. डोळ्याची तर आणखी तऱ्हा. थेंब टाकला की पापणी मिटते, पाणी सुटतं आणि औषध गालावरून ओघळून हनुवटीला लागतं. कामाला येतं ते अगदी थोडं. आता पेशीचं आवरण असतं चरबीचं, दुपदरी. म्हणून आम्ही औषधालाही तसंच दुपदरी चरबीचं कवच घालतो. नुसत्या डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक फुगा, आत पाणी, पाण्यात औषध. त्याचं नाव लायपोसोम. पेशीला तो परका वाटत नाही. तो बुबुळाला चिकटून राहतो, ओघळत नाही. मग कधी दोन आवरणं एकमेकांत मिसळतात, कधी पेशी अख्खा फुगाच गिळते आणि औषध आत जाऊन सांडतं, जिथे विषाणूने संसार थाटलाय तिथेच.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही चरबी कशाची?"

"सोयाबीनची. तेल गाळताना जो चिकट गाळ निघतो ना, त्यातून निघते. तुमच्याच शिवारातली."

वर्गात हशा झाला. निम्म्या पोरांच्या घरी त्या दिवशी सोयाबीनची काढणी चालू असणार. मला आतून फार बरं वाटलं. पुण्यात हेच वाक्य बोलले असते तर सगळ्यांनी माना डोलावून वहीत उतरवलं असतं.

पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, कपाळावर मोठी टिकली, हातात नुसता रुमाल. त्या डॉ. पद्मा, नांदेडातल्या डोळ्यांच्या डॉक्टर. माहेर देगलूरकडचं, त्यामुळे मराठी बोलताना शेवटचा सूर तेलुगूत जायचा.

"फुगे छान आहेत अम्मा, पण माझ्या पेशंटला कधी मिळणार?"

"अजून वर्षं लागतील," मी म्हटलं. "थंड जागी ठेवले तरी काही दिवसांनी गळायला लागतात. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका."

"मग तोवर लोकांना एवढं तरी सांगा की आहे ते औषध नीट घाला. माझ्याकडे असे डोळे रोज येतात. निम्मे आजाराने बिघडलेले असतात, निम्मे औषधाने."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी त्यांनी स्वतःहून माझ्या हातावर पेनाने फोन नंबर लिहून दिला. कागद शोधत बसायचा त्यांना कंटाळा होता म्हणे.

लातूरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीत शेजारी एक बाई बसल्या. मांडीवर मोठा डबा, डब्याला फडकं बांधलेलं. लेक लातूरला बारावीला होती, एका घरात खोली घेऊन. आठवड्याला एक फेरी ठरलेली.

"तुमचं कोण हाय लातूरला?" त्यांनी विचारलं.

"माझे सर आहेत."

"कोणत्या क्लासचे?"

"तेव्हा क्लास नव्हता तसा. मांडव होता."

त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी डबा उघडून मला धपाटं दिलं. वर हिरवा ठेचा. लेकीचं कमी होईल म्हणून मी नको म्हणत होते. "खा वो, तिला काय, ती घास तोंडात घेऊन बी पाठच करती," असं म्हणून त्यांनी दुसरं काढलं. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी एसटी थांबत थांबत चालली होती. माझ्या लहानपणी या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्वारी असायची, माणूस आत शिरला तर दिसायचा नाही एवढी उंच. आता जिकडे तिकडे सोयाबीन, गुडघ्याएवढं, कापून ढीग मारलेलं. माझं पोट या पिकावर चालतं, तरी मला ती ज्वारी हवी होती. असा हट्ट करून काही उपयोग नसतो, पण खिडकीशी बसून माणूस दुसरं काय करणार.

लातूर जवळ आलं तसे फलक सुरू झाले. गळ्यात हार घातलेली मुलं-मुली, खाली मार्क, खाली क्लासचं नाव. चौकाचौकात तेच. मेसच्या पाट्या, मुलींच्या वसतिगृहाच्या पाट्या, चष्म्याची दुकानं. बाई फलक वाचत होत्या आणि मनातल्या मनात लेकीचा फोटो तिथे लावून बघत होत्या, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

आमचा मांडव होता तिथे आता तीन मजली क्लास उभा होता. मी तिथे मुद्दाम उतरले आणि दोन मिनिटं उभी राहिले. भूकंप झाला तो गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाट व्हायच्या आधी. लातूर शहरात पडझड मानाने कमी, पण घरात झोपायची कुणाचीच छाती होत नव्हती. आठवडेच्या आठवडे सगळं गाव रस्त्यावर झोपत होतं. शाळेच्या इमारतीत पोरं पाय ठेवेनात, म्हणून सरांनी मांडववाल्याकडून ताडपत्री आणली, बांबू रोवले आणि फळा झाडाला बांधला. सरांची थोरली बहीण औशाकडच्या एका गावात दिलेली होती. त्या रात्री तिच्या घराचं दार आतून कडी लावून बंद होतं. बाहेरच्यांना ते वेळेत उघडता आलं नाही. तिचं सगळं करून सर परत आले ते सरळ मांडवात. खडू घेतला आणि पेशीचं आवरण शिकवायला सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही कुणी मान वर केली नाही.

तेव्हा चुलीही रस्त्यावरच मांडलेल्या होत्या. आमच्या घरातलं तोवर कुणी कांबळ्यांकडे जेवलेलं नव्हतं, हे सरळच सांगते. त्या दिवसांत तो प्रश्न कुणाला सुचलाच नाही. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, मोठ्या पातेल्यात येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी करायच्या आणि आम्ही पोरं रांगेने बसायचो. एकदा सरांनी माझ्या वाटीत बोट दाखवून म्हटलं, "बघ, आमटीवरचे तेलाचे थेंब. चमचा नको हलवूस. दोन जवळ आले की काय करतात?" दोन थेंब एकमेकांना लागले आणि एकच मोठा झाला. "तेलाला तेल ओळखतं. पेशीचं आवरण पण तसंच समज." आमचा फुगा तेलाच्या थेंबासारखा भरीव नसतो, आतून पाण्याचा असतो, हे मी पुढे शिकले. पण मुळात ओढ लागली ती त्या वाटीत.

आणि आकृत्या. सर आकृतीच्या बाणांवर फार कडक होते. आत जाणारा बाण बाहेर दाखवला की अर्धा मार्क कापायचे. कुणी कितीही रडलं तरी तो अर्धा मार्क परत मिळायचा नाही.

सरांच्या घरी

दार लोटलेलं होतं. त्या दाराला आतून कडी नाही, भूकंपापासून नाही. मी नुसतं ढकललं आणि आत गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती तिथेच, पलंग तिथेच, फक्त सरांची मान जरा एका बाजूला कललेली, डाव्या डोळ्याने बघता यावं म्हणून. डोळा लालभडक होता.

"आलीस का माय," काकू स्वयंपाकघरातून आल्या. त्या शिरूर अनंतपाळच्या, बोलणं अजून तसंच. "कवापासून तुझीच वाट बघूलालाव. बस. जेवणाच्या आधी ह्यांची हजेरी व्हायची हाय."

"कसली हजेरी?"

काकूंनी फडताळातून एक स्टीलचं मोठं ताट काढून पलंगावर ठेवलं. ताटात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या, रांगेने उभ्या. प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. सर ताठ बसले, हात गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाले, "बिराजदार."

"हजर," असं काकू अगदी कोऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या आणि पहिल्या बाटलीतला थेंब सरांच्या डोळ्यात टाकला.

"शेख."

"हजर."

"सोनकांबळे. तो उदगीरला असतो, बालरोगतज्ज्ञ." हे मला.

मला आधी हसू आलं. मग बाटल्या मोजल्या आणि हसू थांबलं.

"सर, हे सगळे डोळ्यांचे डॉक्टर आहेत?"

"दोघे आहेत. बाकी कुणी हाडांचा, कुणी दातांचा, एकाचं मेडिकल दुकान आहे. माझ्या डोळ्याचं कळलं तसं ज्याने त्याने पाठवलं. आता एकाचं घालायचं आणि एकाचं नाही, असं करू का? पोरांना वाईट वाटेल."

लातुरात राहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. इथे शिक्षकाला निवृत्तीनंतर विचारतात, तुमचे किती डॉक्टर झाले? सरांचे इतके झाले होते की त्यांचा एक डोळा सगळ्यांना पुरत नव्हता.

"मी बोलून बोलून थकले," काकू म्हणाल्या. "दाराला कडी न्हाई, तसं ह्यांच्या डोळ्यालाबी न्हाई. येईल त्याचा थेंब आत."

ताटाच्या मधोमध एक जागा रिकामी होती. तिथे बाटली नव्हती, नुसती पट्टी चिकटवलेली होती: कुलकर्णी व. फोनवरचं 'जागा मोकळी ठेवलीय' याचा अर्थ मला तेव्हा कळला.

सरांनी हात पुढे केला. "आण."

मी म्हटलं, "सर, बाटली नाही. झालेलीच नाही अजून. सशांच्या डोळ्यात चाललंय, माणसाच्या नाही."

"माझ्यापासून सुरुवात कर. मी सही देतो."

"तुम्ही सही द्याल, मी थेंब देणार नाही."

सरांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा पडला, आणि तो मी पाडला होता. मांडवात त्यांनी खडू उचलला त्या दिवशी मी मान खाली घातली होती, आज ती सोय नव्हती. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच ताटातल्या बाटल्या उचलून वाचायला लागले. हे तरी मला येतं. साधे अश्रूंसारखे थेंब, प्रतिजैविक, पुन्हा तेच वेगळ्या नावाचं. आणि मग एक बाटली हातात आली आणि मी थांबले.

"ही कुणाची?"

"माने. हाडांचा. सगळ्यात गुणी पोरगा," सर म्हणाले. "याने लाली लगेच उतरते. म्हणून हा दोनदा."

त्यात स्टिरॉइड होतं. या विषाणूच्या जखमेवर ते घालणं म्हणजे राखणदाराला गुंगीचं औषध देणं. लाली जाते, दुखणं थांबतं, आपल्याला वाटतं बरं झालं आणि विषाणू आत मोकाट सुटतो. मी सरांना तसंच सांगितलं. जीवशास्त्र त्यांनीच शिकवलेलं, त्यांना दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती.

"मग विषाणूवरचं औषध कुणीच नाही दिलं?"

काकूंनी ताटाच्या कडेची एक चेपलेली ट्यूब उचलली. तिच्यावर पट्टी नव्हती.

"ही हाय की. पण ही कुणाचीच न्हाई. सरकारी दवाखान्यातल्या पोरीनं लिहून दिलती. ह्यांची विद्यार्थिनी न्हाई ती."

ती नेमकी विषाणूवरची. दिवसातून पाच वेळा लावायची, ती सगळ्यांची हजेरी संपल्यावर आठवली तर एकदा. शिवाय मलमाने वाचताना धूसर दिसतं म्हणून सर तीही चुकवायचे. माझ्या सशांच्या फुग्यांची वाट बघत हा माणूस बसला होता आणि औषध ताटाच्या कडेला पडलं होतं.

मी हातावरचा नंबर शोधला. निम्मा आंघोळीत गेला होता, पण शेवटचे आकडे मला पाठ होते. डॉ. पद्मा फोनवर म्हणाल्या, "उद्या घेऊन या. आणि ते ताट पण आणा, सगळं."

सरांनी एकच विचारलं, "ती माझी विद्यार्थिनी नाही ना?"

"नाही सर. देगलूरची आहे. तेलुगू माध्यमात शिकलीय."

"मग बरं," सर म्हणाले.

पुन्हा नांदेड

सगळ्या बाटल्या जेवणाच्या मोठ्या डब्यात भरल्या आणि तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "लेकराला डबा का?" मी हो म्हटलं. सर खिडकीशी बसले होते आणि डाव्या डोळ्यावर हात धरून, फक्त उजव्याने बाहेर बघायचा प्रयत्न करत होते. चाकूरच्या पुढे मी विचारलं, काय दिसतंय. "उजेड," ते म्हणाले. मग हात काढला आणि बराच वेळ डाव्या डोळ्याने शेतं बघत राहिले.

अहमदपूरच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. काकूंनी बांधून दिलेली धपाटी आम्ही बाभळीखाली उभ्याने खाल्ली. सर म्हणाले, "इतक्या पोरांना आता काय सांगू?" तोवर त्यांच्या डोळ्याची काळजी फक्त मलाच लागली होती की काय कोण जाणे. त्यांना पोरांची लागली होती.

डॉ. पद्मांनी डबा उघडला, टेबलावर बाटल्या मांडल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग सरांच्या डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बराच वेळ तपासलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"जखम आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "झाडाच्या फांदीसारखी. पण कडेला आहे, मधे नाही पोचली. आणखी थोडे दिवस हे घातलं असतं तर पोचली असती. आता ही लालीची बाटली मी सांगेन तशी सोडवू. ट्यूब पाच वेळा. बाकी सगळे बाहेर."

"पोरांना काय सांगू?" सरांनी त्यांनाही विचारलं.

"सांगा, नांदेडच्या बाईंनी शाळेला सुट्टी दिली."

सर हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मी मात्र विचारलंच, "वाचेल ना?" डॉ. पद्मा म्हणाल्या, "माझं ऐकलं तर. आठ दिवसांनी आणा, मग सांगते." एवढ्यावर थांबावं लागलं. आठ दिवसांनी काकू घेऊन येतील असं ठरलं.

संध्याकाळी आम्ही गोदावरीच्या घाटावर बसलो. गुरुद्वाऱ्याकडून लोक हातपाय धुवायला येत होते. सर नेहमीसारखे सरळ मुद्द्यावर आले.

"तू बाटली आणली असतीस तर मी घातली असती. माहीत होतं ना तुला?"

"हो सर. म्हणूनच आणली नाही."

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." इराणी हॉटेलातला तो चहा जास्त उकळलेला आणि फार गोड होता. मी दोन घेतले.

पुण्याला परतल्यावर घरात काही दिवस मी सगळ्यांशी चिडचिड करत होते. आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. "जखम भरून राहिली म्हणती डॉक्टरीण. अन् बाटल्या अजून येत्यात. म्या दारातच घेते, फडताळात टाकते. ह्यांच्या डोळ्याला आता मीच कडी." ताटात आता एकच ट्यूब असते म्हणाल्या, आणि माझ्या नावाची पट्टी. सर ती काढू देत नाहीत.

पुढे आमच्या प्रयोगशाळेचा सशांवरचा लेख छापून आला. बाटली नाही तर निदान हे, म्हणून मी त्याची एक प्रत सरांना पाठवली. वाचतील अशी आशा नव्हती. अक्षरं बारीक, आकृत्या त्याहून बारीक. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा फोन वाजला.

"वसुधा कुलकर्णी. तिसरी आकृती काढ."

मी ओल्या हातांनी लेख शोधला.

"खाली डाव्या कोपऱ्यात. फुगा पेशीला चिकटलाय, तिथला बारका बाण. तो बाहेर चाललाय. औषध आत न्यायचंय की बाहेर काढायचंय?"

मी कागद खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला, डोळे बारीक केले. मुंगीएवढा बाण. खरंच बाहेर चालला होता. आमच्यापैकी कुणालाच, छापणाऱ्यांनाही, तो दिसला नव्हता.

"सर, तुम्हाला हा दिसला?"

"अर्धा मार्क गेला," सर म्हणाले.

रडलं तरी सर तो परत देत नाहीत, हे मला मांडवापासून माहीत होतं. तरी मी रडले.